ऐकणारा माणूस हेर नसतो

पोलीस गच्चीवर आले तेव्हा मी बनियनवर होतो आणि लाकडाची एक मोठी चौकट उन्हात सरळ उभी करायच्या खटपटीत होतो. २०१७ चा जून महिना. जागा चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधली साहुकारपेठ. मिंट स्ट्रीटला लागून एक बोळ, बोळात तीन मजली जुनं घर, खाली सोनं-चांदी गाळायचा कारखाना आणि वर ही गच्ची. चौकटीवर तांब्याच्या तारेचे साठ फेरे, तारेची टोकं जिन्यावरून खाली उतरून एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेली. समोरच्या इमारतीतून कुणीतरी तक्रार केली होती की मराठी शेठच्या गच्चीवर चोरून मोबाइलचा टॉवर उभा राहतोय.

माझं तामिळ तेव्हा ‘कोंजम कोंजम’ म्हणण्यापुरतंच होतं. खालून नाना धापा टाकत वर आले. नाना मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, ॲसिडात शुद्ध करायचं आणि सराफाला परत द्यायचं, हा धंदा. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात मागच्या बोळात शिरा, माणदेशी मराठी कानावर पडेल. नानांनी पोलिसांना फर्ड्या तामिळमध्ये सांगितलं की हा फौजी आहे आणि याच्या कॉम्प्युटरवर सूर्य दिसतो. दोघांनी आभाळाकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं, कॉफी घेतली आणि निघाले. त्यातला वयस्कर जिन्यात थांबून मला हिंदीत म्हणाला, "लेकिन इसको सुनके करना क्या है?"

त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने प्रश्न तरी विचारला. हाच प्रश्न मला पुढे युनिटमध्ये, गावात आणि घरच्यांकडूनही ऐकावा लागला, आणि दर वेळी त्यात संशयाची छटा जरा जास्तच होती. म्हणून आज उत्तर सविस्तर लिहितोय.

मी सिग्नल्सचा. पणजीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मोर्स शिकलो, पुढची सगळी नोकरी सेट, केबल आणि फील्ड टेलिफोनच्या सोबतीने झाली. राजस्थानातल्या एका एक्सरसाइजमध्ये रात्री लांब टाकलेल्या लाइनवर कान लावून बसलो होतो, तेव्हा पलीकडे कुणी बोलत नसतानाही तारेत तडतड ऐकू आली, तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. उस्ताद म्हणाले, "बिजली है, बेटा. कहीं दूर गिर रही है." आमच्या डोक्यावर तर आभाळ स्वच्छ होतं. किती दूर, असं विचारलं तर उस्तादांनी हात हलवून समुद्रापर्यंतचं अंतर दाखवलं. ती गोष्ट डोक्यात राहून गेली, आणि चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये संध्याकाळी वेळ मिळू लागला तेव्हा पुन्हा वर आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला एफएम रेडिओ शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास वाजतो. मी ज्याबद्दल बोलतोय तो पट्टा तीन ते तीस किलोहर्ट्झचा, म्हणजे अतिशय खालचा. तिथे एकेक लाट दहा किलोमीटरपासून शंभर किलोमीटरपर्यंत लांब असते. एकोणीस पूर्णांक आठ किलोहर्ट्झची लाट पंधरा किलोमीटरची. चेन्नईच्या किल्ल्यातून निघाली तर मीनंबाक्कमच्या विमानतळाजवळ संपेल अशी एकच लाट. एवढ्या लांब लाटेला डोंगर आडवे येत नाहीत. जमीन आणि आभाळातला आयनांचा थर यांच्यामधल्या पोकळीतून ती हजारो किलोमीटर जाते आणि समुद्राच्या पाण्यातही दहा-वीस मीटर खाली उतरते. म्हणून जगातली नौदलं पाणबुड्यांना निरोप द्यायला हा पट्टा वापरतात.

आणि गंमत अशी की तो ऐकायला रेडिओच लागत नाही. कॉम्प्युटरचं साऊंड कार्ड माइकमधून येणारा विजेचा दाब सेकंदाला ४८,००० वेळा मोजतं, चांगलं असेल तर ९६,००० वेळा. जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पकडता येतात. म्हणजे साध्या कार्डावर २४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा आपसूक येतो. माइकच्या जागी तारेची चौकट जोडायची आणि स्पेक्ट्रम लॅबसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवायचा. मोटार वाइंडिंगच्या दुकानातली तार ब्रॉडवेच्या मागे मिळाली, यूएसबीचं साऊंड कार्ड बर्मा बाजारात घासाघीस करून, आणि चौकटीचं लाकूड नानांच्या जुन्या दाराचं. सगळ्यात महाग पडली ती नानांच्या पोरांना दिलेली बिर्याणी.

सीओ साहेबांची परवानगी मी आधीच घेतली होती. त्यांनी तीन अटी घातल्या: बॅरेकमध्ये नाही, सरकारी मशीनवर नाही, आणि काय करतोय ते लपवायचं नाही. पहिल्या अटीमुळेच माझं बिऱ्हाड नानांच्या गच्चीवर गेलं.

आता साहुकारपेठ ही जागा या कामाला किती वाईट आहे ते सांगतो. प्रत्येक चार्जर, इन्व्हर्टर आणि एलईडी दिवा या पट्ट्यात कचरा टाकतो. त्यावर कडी म्हणजे नानांची इंडक्शन भट्टी. सोनं वितळवायला ती भट्टी हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वापरते, नेमका माझ्याच पट्ट्यात. भट्टी सुरू झाली की माझा पडदा चुन्याने रंगवल्यासारखा पांढरा. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, कार्डच खराब आहे. मग लक्षात आलं की पडदा दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि रविवारी बरा असतो.

त्या वेळात मी ऑस्ट्रेलिया ऐकायचो. ऐकायचो म्हणजे मोजायचो. पश्चिम किनाऱ्यावर एक्समथजवळ हॅरॉल्ड होल्ट नावाचं नौदलाचं केंद्र आहे, १९.८ किलोहर्ट्झवर, शक्ती दहा लाख वॅट. चेन्नईपासून ५,३०० किलोमीटरवर. त्यातला मजकूर सांकेतिक असतो, तो उलगडण्याचा प्रश्नच येत नाही. मी फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते दर काही सेकंदांनी नोंदवायचो आणि दिवसभराची एक रेघ काढायचो. रेघ सूर्योदयाला खाली-वर व्हायची, दिवसभर शांत चालायची, सूर्यास्ताला पुन्हा डचमळायची. कारण दिवसा आयनांचा खालचा थर साधारण सत्तर किलोमीटरवर असतो, रात्री तो विरतो आणि लाट नव्वदीच्या आसपासच्या थरावरून परतते. घराचं छत रोज संध्याकाळी वीस किलोमीटर वर उचललं जातं म्हणा ना!

मग आला ६ सप्टेंबर २०१७. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गलाईवाल्यांचा गणपती रात्री उशिरा समुद्रात गेला होता, पोरं मेल्यासारखी झोपली होती आणि भट्टी थंड होती. मी सुट्टी टाकली होती. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांच्या सुमाराला सरळ चाललेली रेघ एकदम उचलली गेली, जणू कुणी खालून काठी लावली. काही मिनिटांत माथा गाठला आणि मग सावकाश, तासभर घेत, जागेवर आली. तार हलली का, वीज गेली का, सगळं तपासलं. काही नाही. संध्याकाळी इंटरनेटवर पाहिलं तर त्याच वेळी सूर्यावर एक्स २.२ तीव्रतेची ज्वाळा उसळली होती. तिथून निघालेले क्ष-किरण आठ मिनिटांत पोचले, त्यांनी आभाळातला थर दाट केला आणि साहुकारपेठेतल्या जुन्या दाराच्या लाकडाने ते नोंदवलं.

त्याच दिवशी साडेपाचला याहून कितीतरी मोठी, एक्स ९.३ ची ज्वाळा उसळली, त्या सौरचक्रातली सगळ्यांत मोठी. पण तोवर ऑस्ट्रेलियात सूर्य मावळला होता, माझ्या वाटेचा बराच भाग अंधारात होता आणि रेघ सूर्यास्ताच्या गडबडीत सापडली होती. त्यात ज्वाळा कुठली आणि संध्याकाळ कुठली, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. चार मित्रांना मी ती मोठी ज्वाळाही ‘पकडल्याचं’ तेव्हा सांगितलं होतं. ते विधान इथे मागे घेतो.

आता मुद्द्याला येतो.

तामिळनाडूतच तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणमला आपल्या नौदलाचं केंद्र आहे, आयएनएस कट्टबोम्मन. १९९० पासून. चेन्नईहून सहाशे किलोमीटरच्या आत. त्याचा सिग्नल माझ्या पडद्यावर असायचा हे वेगळं सांगायला नको. सूर्याच्या अभ्यासाला तो ऑस्ट्रेलियापेक्षा सोयीचा, कारण त्या संध्याकाळी साडेपाचला ती वाट पूर्ण उजेडात होती. मोठी ज्वाळा त्यावर स्वच्छ दिसली असती. मी त्याची एकही नोंद ठेवली नाही. कुणी मनाई केली नव्हती. त्याची फ्रिक्वेन्सी छापील शोधनिबंधांत आहे. कोलकात्याच्या इंडियन सेंटर फॉर स्पेस फिजिक्सच्या लोकांनी २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणात देशात अनेक ठिकाणी रिसीव्हर लावून तोच सिग्नल मोजला आणि जाहीरपणे मांडला. त्यात काहीही गैर नाही. पण गणवेशातल्या माणसाने आपलं केंद्र कधी चालू होतं नि कधी बंद, याचं महिनोन्‌महिने टिपण ठेवावं, हे मला पटेना. सुटी माहिती निरुपद्रवी असते, तिची वही झाली की ती वेगळी वस्तू होते. हे माझ्यापुरतं. सिव्हिलियन विद्यार्थ्याला मी ही अट घालणार नाही.

युनिटमधले एक साहेब मात्र याच्याही पुढे गेले. त्यांचं म्हणणं, असले छंद मुळातच नकोत, ऐकायची सवय लागली की माणूस नको ते ऐकतो. त्यांच्या म्हणण्याचा मी बराच विचार केला, कारण माणूस प्रामाणिक होता. पण मला ते चूक वाटतं, आणि का ते मी किल्ल्यावरून नानांकडे जाताना रोज ज्या भिंतीजवळून जायचो तिच्या आधाराने सांगतो.

हायकोर्टाच्या आवाराच्या भिंतीवर एक पाटी आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डेन या जर्मन क्रूझरने मद्रासवर तोफा डागल्या, बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटल्या, त्याची ती खूण. एम्डेन हिंदी महासागरात इतकी जहाजं गाठू शकली त्यातलं एक कारण वायरलेस. ती स्वतः गप्प राहायची आणि व्यापारी जहाजांची उघड बडबड ऐकायची. पुढे नोव्हेंबरात कोकोस बेटांवरचं केबल आणि वायरलेस स्टेशन मोडायला तिची माणसं उतरली, तेव्हा तिथल्या ऑपरेटरने अनोळखी जहाज दिसल्याचा निरोप वेळेत सोडला. तो सिडनी या ऑस्ट्रेलियन क्रूझरपर्यंत पोचला आणि एम्डेनचा खेळ संपला. यात सिग्नलवाल्यासाठी धडा काय? शत्रू ऐकतोच. ऐकणं थांबवता येत नाही, म्हणून बोलणाऱ्याने सांभाळायचं असतं. आपल्याला हे ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. मग जो सिग्नल कुणीही ऐकेल असं गृहीत धरूनच सांकेतिक केलाय, त्याचा नुसता जोर एखाद्या पोराने मोजला तर आपण का दचकावं?

उलट बाजूही बघा. पहिल्या महायुद्धात बार्कहाउझेन नावाचा जर्मन शास्त्रज्ञ जमिनीत सळया खुपसून शत्रूचे फील्ड टेलिफोन चोरून ऐकत होता. टेलिफोनऐवजी त्याला कधी कधी वरून खाली घसरत जाणारी शीळ ऐकू यायची. सैनिक म्हणत, गोळे उडताना ऐकू येतायत. १९१९ मध्ये त्याने त्याबद्दल लिहिलं. ती शीळ म्हणजे विजेच्या कडकडाटाचा रेडिओ-आवाज, पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून अवकाशात लांबचा फेरा मारून आलेला. याचा नीट उलगडा व्हायला १९५३ उजाडलं. म्हणजे हेरगिरी करायला बसलेल्या माणसाच्या हाती विज्ञान लागलं. आमचे साहेब भीत होते ते याच्या उलट, आणि तसं एकही उदाहरण ते मला देऊ शकले नाहीत.

आपल्या कोअरचं ब्रीद ‘तीव्र चौकस’. हिंदीत चौकस म्हणजे सावध. मराठीत मात्र चौकस म्हणजे प्रश्न विचारणारा, खोदून बघणारा. आपण मराठी सिग्नलवाल्यांनी पंधरा-वीस वर्षं ते बिल्ल्यावर मिरवलं आणि निवृत्तीनंतर दोन्ही अर्थ सोडून दिले. माझ्या बॅचचे किती जण आज बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेत, मोजायला गेलो तर दोन्ही हातांची बोटं संपतात. प्रामाणिक काम आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण ज्या कानांनी गोंगाटातून मोर्सचा अक्षर-अक्षर वेचला, ते कान आता फक्त शटरचा आवाज ऐकतात. याचं मला वाईट वाटतं आणि थोडा रागही येतो.

आणि या कामाला शहर नको, गाव हवं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने सप्टेंबर १८५९ चं प्रचंड चुंबकीय वादळ नोंदवलं, जगभरचे शास्त्रज्ञ आजही ती नोंद काढून बघतात. पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली चुंबकीय मोजणी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला हलवली. (मद्रासमध्ये विजेच्या ट्राम १८९५ लाच धावू लागल्या होत्या, जॉर्ज टाउनमधूनही. तेव्हा तिथला गोंगाट नानांच्या भट्टीआधीचा आहे.) अलिबागची वेधशाळा आज पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि काम चालू आहे. शहाणी माणसं गोंगाटापासून दूर गेली. आपण निवृत्त होऊन आपोआपच दूर जातो आणि तिथे गेल्यावर काही ऐकत नाही.

मी आता साताऱ्याकडे गावी असतो. गोठ्यामागे दुसरी चौकट उभी केली आहे. साहुकारपेठेत महिनाभर झगडून जी रेघ मिळायची, तशी इथे पहिल्याच रात्री मिळाली. पण हेही फार दिवस टिकणार नाही. सोलरचे पंप, इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी वाढतायत. शेजारच्या पोल्ट्रीत नवे दिवे लागले त्या दिवसापासून माझी एक पट्टी कायमची गेली. ज्याला करायचंय त्याने आत्ताच करावं.

अजून एक कारण आहे आणि ते तातडीचं आहे. तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडमच्या जंगलात नौदलाचं याच प्रकारचं दुसरं केंद्र होतंय. १५ ऑक्टोबर २०२४ ला संरक्षणमंत्र्यांनी पायाभरणी केली. लातूर-नांदेडकडच्या पोरांना तो सिग्नल पुढे तारेच्या साध्या चौकटीवरही जोरात येईल. त्या जंगलावरून बराच वाद झाला. झाडं किती जाणार, गावकऱ्यांचं आणि देवळाच्या वाटेचं काय, हे प्रश्न रास्त आहेत आणि फौजी म्हणून मी ते उडवून लावणार नाही. पण त्यासोबत लहरींनी माणसं आजारी पडतील, गाई आटतील असल्या गोष्टीही मोबाइलवर फिरत होत्या. लोकांना ही लहर काय आहे हेच कुणी दाखवलेलं नसेल तर ते आणखी काय मानणार? एखाद्या शाळेने केंद्र सुरू होण्याआधी वर्षभर आणि नंतर वर्षभर मोजणी ठेवली, तर निदान त्या गावात वाद आकड्यांवर होईल. हे काम त्या पट्ट्यातला एखादा निवृत्त हवालदार शनिवारी दुपारी दोन तासांत शिकवू शकतो. प्रक्षेपण अजिबात करायचं नाही, मजकुराच्या मागे लागायचं नाही, मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला आधी दाखवायचं. सीओ साहेबांची तिसरी अट इथेही लागू.

कुणाला चौकट बनवायची असेल तर मापं मी देईन. एक मीटर बाजू, साठ फेरे, तार वाइंडिंगच्या दुकानातली, आणि चौकट घराच्या वायरिंगपासून जितकी लांब नेता येईल तितकी. केबल मात्र शील्डची घ्या, तिथे पैसे वाचवू नका. मी वाचवले होते.

गेल्या आठवड्यात नानांचा फोन आला होता. गच्चीवरची चौकट अजून तशीच आहे म्हणाले, काकू तिच्यावर पापडांचं फडकं वाळत घालतात. मी म्हटलं, घालू दे, पण फेरे सुटू देऊ नका, डिसेंबरात येतोय. त्यावर ते म्हणाले, "ये की. पण भट्टी आता दोन झाल्यात."